दोन-चारचा हात

“एकबी फुटता कामा न्हाई, मामा,” सोजरची सासू म्हणाली. “आधीच सांगून ठिवते. माझा ल्योक जिता हाय.”

जिता ल्योक कॉटच्या पायथ्याशी मान खाली घालून उभा होता. भारत त्याचं नाव. त्या सकाळी सोलापूरहून पहिली एस.टी. धरून तो मोहोळला आला, मी दुकानाच्या फळ्या काढतोय तोच समोर उभा राहिला, आणि परतीच्या गाडीने मला या मोठ्या दवाखान्यात घेऊन आला. तासाभराच्या वाटेत तो तीन वाक्यं बोलला. सोजर दवाखान्यात हाय. हात सुजल्यात. आई बांगड्या फोडू दीना.

मी पिशवीतून साबणाची वडी, खोबरेल आणि मऊ फडकं काढलं. शेजारची सिस्टर कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तिला माझा राग आलेला नव्हता, सासूचा आला होता, पण नजर माझ्यावर होती.

“काल संध्याकाळपासून सांगतेय,” ती म्हणाली. “फडक्यात धरायची, दाबायची, दोन मिनिटांचं काम. पण या आजी हात लावू देतील तर शपथ.”

“सवाशिणीच्या हातातलं फोडत्यात व्हय?”

“अहो, सवाष्ण राहायला आधी जगायला नको का तिनं?”

सासूने, चंद्रभागाबाईंनी, पदर ओढून तोंड फिरवलं. बाई कडक. चार एकर कोरडवाहू आणि नवरा कायमचा अंथरुणाला खिळलेला, तेव्हा मऊ राहून भागलं नसतं. मी साबणाची वडी भिजवत राहिलो. कासाराने भांडणात पडू नये, दोन्हीकडची गिऱ्हाइकं जातात.

मी त्रिंबक वेळापुरे. मोहोळच्या पेठेत आमचं तीन पिढ्यांचं बांगड्यांचं दुकान. सगळा तालुका मला मामा म्हणतो, आणि त्याला कारण आहे. परक्या बाईचा हात भर बाजारात धरायची मुभा असलेला पुरुष म्हणजे कासार. तेव्हा नातं आधीच लावून ठेवलेलं बरं. या गोष्टीला आता सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा माझी पन्नाशी उलटलेली होती आणि एका गोष्टीचा मला भारी तोरा होता. माझ्या हातून बाईच्या हातात बांगडी फुटत नाही. भरतानाही नाही आणि काढतानाही नाही.

सोजर भिंतीकडे तोंड करून पडली होती. चोवीस वर्षांची पोर. मी हात हातात घेतला तर तो तापलेला, बोटं टम्म फुगलेली, आणि तेरा हिरव्या बांगड्या मनगटात रुतून बसलेल्या. सहा उजव्या हातात, सहा डाव्या, आणि डाव्यात एक जास्तीची. ती कासाराच्या आशीर्वादाची असते. त्या तेराच्या तेरा मीच भरलेल्या होत्या, महिनाभरापूर्वी, नागपंचमीला.

“सोजर, कळ लागंल बघ जरा.”

“लागू दे, मामा,” ती भिंतीलाच म्हणाली.

मी साबण लावला, अंगठ्याचं मूळ तळव्यात दाबलं आणि पहिली बांगडी हलवली. बाईचा हात कितीही सुजला तरी त्याला एक वाट असतेच, ती सापडली पाहिजे. पहिली निघाली. दुसरी, तिसरी निघाली. माझ्या कपाळावर घाम आला. तिने तोंडात पदर धरला होता, अगदी नागपंचमीला धरला होता तसाच.

चौथ्या बांगडीला डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टर कोनापुरे. तिशीच्या आतल्या, हात मधल्या मापाचा, दोन-सहाचा, रिकामा, मनगटावर नुसतं घड्याळ. माणूस भेटला की मी आधी हात बघतो, खोड आहे. त्यांच्या हातात पाच निरनिराळे कागद होते आणि चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण.

“आजी, परत एकदा सांगा. हात कधीपासून सुजतात हिचे?”

“ह्ये आत्ताच की. चार दिस झालं.”

“मागं एकदा सुजल्ते वाटतं,” भारत म्हणाला. “का पाय सुजल्ते?”

“सोजर, तू सांग.”

सोजरने तोंड भिंतीकडे आणखी वळवलं. सासूसमोर ती दवाखान्याच्या कॉटवरसुद्धा उंबऱ्यावर बसल्यासारखी असायची.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि कागद एकेक करून मांडीवर मांडले. “वर्षभरात पाच डॉक्टर झाले. एकाने टायफॉइड म्हटलं. दुसऱ्याने संधिवात. तिसऱ्याने गालावरच्या डागाला वांग म्हणून मलम दिलं. चौथ्याने केस गळतात म्हणून ताकदीच्या गोळ्या. पाचव्याने लिहिलंय, काही आजार नाही, मनाचं आहे.” त्यांनी कागद एकावर एक ठेवले. “चुकलं कुणाचंच नाही तसं. ज्या दिवशी जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण मला हे सगळं एका दोरीत ओवायचंय, आणि दोरी कुणाकडेच नाही.”

“मनाचंच हाय त्ये,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. आणि मग भारतकडे वळून, हळू म्हणून पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, “उतार पडला की म्हायेरी नीऊन घाल. कामाची न्हाई, धामाची न्हाई. पुढचं पुढं बघू.”

पुढचं पुढं म्हणजे काय ते वॉर्डात सगळ्यांना कळलं. भारतने कानशील खाजवलं. सोजरचा हात माझ्या हातात होता. बाकी कुणाला दिसलं नसेल, पण तो एकदम गार पडला. बोटांची टोकं पांढरी झाली, खडूसारखी.

आणि मी पुटपुटलो. ठरवून नाही, तोंडून निसटलं. “संक्रांतीलाबी असंच झालं होतं. दोन-चारचा हात होता तवा.”

डॉक्टरीणबाईंची मान वर आली. “काय म्हणालात?”

“काही नाही, बाई.”

“दोन-चार म्हणजे काय?”

“बांगडीचं माप. दोन-चार म्हणजे लहान हात, दोन-सहा मधला, दोन-आठ म्हणजे मोठा.”

“आणि संक्रांतीला हिचा हात दोन-चार होता, हे तुम्हाला आठवतं?”

मला हसू आलं. “मला बायकांची नावं विसरायला होतात, बाई. हात नाही.”

“मग नंतर?”

सोजरने मान वळवली. त्या दिवसात पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच नको म्हणाली.

इथे मला माझ्या बापाचं सांगितलं पाहिजे. त्याने मला गादीवर बसवलं त्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. हात धरावा, हातातलं दुकानाबाहेर नेऊ नये. कुणाच्या मनगटावर वळ आहे, कुणाचा हात थरथरतो, कुणाला दिवस गेलेत नि घरात अजून ठाऊक नाही, हे कासाराला सगळं कळतं. आणि ते बायकांना माहीत असतं. म्हणून त्या निर्धास्त हात पुढे करतात. तीस वर्षं मी हे पाळलं होतं. नागपंचमीला सोजर शेजारणींबरोबर आली, हात बघून मी दोन-आठचा जोड काढला, तेव्हा ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली होती, “मामा, दोन-चारच भरा. मोठ्या दिसल्या तर आत्याबाई म्हनत्याल, बसून खाऊन हात सुटले. आन कुनाला बोलू नगा.” मी म्हणालो, नाही बोलत. आणि मग मी माझा तोरा दाखवला. साबण लावून, दाबून, वळवून, दोन-आठच्या हातात दोन-चारच्या तेरा बांगड्या बसवल्या. एक फुटली नाही. शेजारणी म्हणाल्या, मामांच्या हातात जादू हाय. पोरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला माझं कौतुक वाटत होतं.

“मामा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. “हिच्या लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. मूत्रपिंडांवर आलंय हे. नुसता ताप उतरवून मी हिला घरी पाठवलं, तर पुढच्या वर्षी ही नसेल. तुम्हाला काय माहीत आहे?”

मी सोजरकडे पाहिलं. “पोरी, शिव्या घाल मला,” म्हणालो, “पण मी बोलणार.”

आणि बोललो. सणवार धरून सांगितलं, मला तसंच आठवतं. “संक्रांतीला दोन-चार. साबणाच्या गार पाण्यात हात घातला तर बोटं अशीच पांढरी झाली, मग निळी. मी म्हटलं, थंडी आहे. ज्वारीची काढणी झाली आणि चैत्राच्या हळदीकुंकवाला आली, तर दोन-सहा. सांधे दुखत होते. मी हात धरला की ओय म्हणायची. गाल लाल. वटपौर्णिमेला परत दोन-चार. मला वाटलं, बरी झाली. नागपंचमीला दोन-आठ.”

“आणि वटपौर्णिमेच्या आधी कुठे होती ही?”

“म्हायेरी,” भारत म्हणाला. “भनीचं बाळंतपन होतं. महिनाभर.”

“घरातच?”

“बाळंतिणीपाशी म्हंजे घरातच की.”

“आणखी एक, बाई,” मी म्हणालो. बांध फुटला होता, आता काय राहिलं. “ही कधी सकाळची दुकानात आली नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, सकाळी मूठ मिटत नाही, दुपारपर्यंत सुटते.”

चंद्रभागाबाई ताडकन उठल्या. “म्हंजी ह्ये सगळं तुमास्नी ठावं, आन मला न्हाई? घरात मी हाय का कासार?”

“विचारलं का तुम्ही कधी?” सिस्टर म्हणाली.

“काय इचारायचं? सोंगं दिसत न्हाईत व्हय मला? घरात बसून असली की चांगली खणखणीत. उन्हात खुरपायला चल म्हटलं की दुसऱ्या दिशी हिला ताप! दर येळंला! उन्हाचं नाव काढलं की ताप, उन्हाचं नाव काढलं की गाल लाल. आसला कुठला रोग असतोय?”

डॉक्टरीणबाई स्टुलावरून उठून सासूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता खरडपट्टी निघते.

“आजी,” त्या म्हणाल्या, “पुन्हा सांगा.”

“काय पुन्हा सांगा?”

“आत्ता म्हणालात ते. जसंच्या तसं.”

चंद्रभागाबाईंनी सांगितलं. पण दुसऱ्या खेपेला आवाज तेवढा चढला नाही, आणि शेवटचं वाक्य तोंडातच राहिलं.

“असतो असा रोग,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ल्युपस म्हणतात. तुम्ही वर्षभर ज्याला सोंग म्हणत होता ना, तीच त्याची मोठी खूण. ऊन सोसत नाही.” त्यांनी सोजरचा चेहरा हलकेच आपल्याकडे वळवला. गालांवरची लाली नाकाच्या दांडीवरून एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत गेली होती. नाकाच्या बाजूची घडी मात्र कोरी. “वांग असा नसतो. सोजर, तोंड उघड बरं. टाळूला फोड आहेत. कधीपासून?”

“लई दिस झालं,” सोजर डॉक्टरीणबाईंशी पहिल्यांदा बोलली. “म्हनून ठेचा खात न्हाई मी.”

“ते नखरं म्हनले मी,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून, कळलं नाही.

डॉक्टरीणबाई बोटं मोजू लागल्या. “याच्या अकरा खुणा ठरलेल्या आहेत. त्यांतल्या चार जमल्या तर नाव घेता येतं. एक गालावरची लाली, दोन ऊन, तीन तोंडातले फोड. चार, सांधे सुजणं, तेही येऊन-जाऊन. ते मामांनी सांगितलं. पाच, मूत्रपिंड. गंमत अशी, की या खुणा एका दिवशी एकत्र दिसतच नाहीत. एक येते, एक जाते. म्हणून पाच जणांना पाच रोग दिसले.”

“रक्त तपासून कळत न्हाई व्हय?” भारतने विचारलं.

“रक्त मुंबईला पाठवतेय. आठ दिवसांनी येईल. पण ते नुसतं साक्षीदार. धडधाकट माणसाचं रक्तही कधीकधी तशी साक्ष देतं. निकाल सगळ्या गोष्टी मिळून लागतो.”

“पन झालंय काय हिला?”

“अंगात आजाराशी लढणारी फौज असते, भारत. हिच्यात ती फौज हिच्याच अंगावर उलटलीय. सांधे, कातडी, आता मूत्रपिंड.”

“म्हंजी कुंपनच श्यात खातंय,” चंद्रभागाबाई म्हणाल्या.

“बरोबर, आजी. अगदी तसंच.”

“बरं हुईल का?”

“मुळातून जात नाही. पण गोळ्या वेळेवर, उन्हाला बंदी, आणि कुणीतरी लक्ष ठेवणारं असलं, तर ही म्हातारी होईल. नाहीतर नाही.” त्या आडपडदा न ठेवता बोलायच्या, मला बरं वाटलं. “आता त्या बांगड्या काढा, मामा. सूज वाढतेय.”

मी पुन्हा खाली बसलो. उजवा हात मोकळा झाला. डाव्यातल्या सहा काढल्या. राहिली शेवटची, ती जास्तीची, माझ्या आशीर्वादाची. ती हलेना. साबण लावला, तेल लावलं, अंगठा दाबला. सोजर कण्हली. मी सोडलं, पुन्हा धरलं. पुन्हा कण्हली. मला कळत होतं, की मी अजूनही माझा तोराच सांभाळत बसलोय.

मी मान वर करून चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. विचारायची हिंमत नव्हती.

त्या कॉटजवळ आल्या. सुनेच्या हाताकडे बघत राहिल्या. मनगटाला बांगडीचा वण पडला होता, त्यात रक्त साकळलं होतं. वर्षभर तो हात त्यांच्या घरात भाकरी थापत होता.

“वाढवा, मामा,” त्या म्हणाल्या. सवाशिणीची बांगडी फोडली म्हणू नये, वाढवली म्हणावं, अशी रीत आहे. “वाढवा ती. माझ्या लेकाला काय बी हुत न्हाई. हिला मोकळी करा.”

मी फडकं गुंडाळलं आणि दाबलं. चटकन आवाज झाला. एवढासा आवाज, पण मला रडू आलं. आलं ते आलं, मी काही लपवलं नाही.

हात असा भुंडा ठेवत नाहीत. मी पिशवी चाचपली. घाईत भरायला बांगड्या दोन-सहाच्याच आणल्या होत्या, त्या उपयोगाच्या नव्हत्या. तेवढ्यात चंद्रभागाबाईंनी आपल्या डाव्या हातातली एक बांगडी स्वतःच सरकवून काढली. जाड काचेची, जुनी, दोन-दहाची. खुरप्या-विळ्यांनी रुंद झालेला हात त्यांचा. ती त्यांनी सोजरच्या सुजलेल्या हातात घातली. सैलसर, अलगद बसली.

“आत्याबाई, तुमचा हात,” सोजर म्हणाली.

“ऱ्हाऊ दे. माझ्या हाताला काय धाड भरली?”

बाहेर पडताना डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. “मामा, ही दर सणाला तुमच्याकडे येईल. मापावर नजर ठेवा. हात वाढला, की कुणाला विचारायचं नाही, सरळ एस.टी.त बसवून माझ्याकडे पाठवायची. आणि सांगायला दिरंगाई करायची नाही.” मग म्हणाल्या, “महिन्याभरापूर्वी बोलला असतात तर बरं झालं असतं.”

“होय, बाई,” म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आजही तेच म्हणतो.

आठ दिवसांनी मुंबईहून रक्ताचा निकाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसाच. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सोजर दुकानाकडे फिरकली नाही. भारत बाजारात भेटला की सांगायचा, गोळ्यांनी तोंड फुगलंय, पन ताप न्हाई. लघवीचं कमी झालंय. आईनं तिला रानात येऊ दिलं न्हाई, शेळ्या घेऊन दिल्यात दोन, दारातल्या सावलीत. मी मनात म्हणायचो, हात बघितल्याशिवाय काही खरं नाही.

चैत्रात, ऊन कलल्यावर, दोघी आल्या. पुढे सोजर, पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून. मागे चंद्रभागाबाई, हातात काळी छत्री, आणि ती छत्री सगळी सुनेच्या डोक्यावर. स्वतः उन्हात. पेठेतली माणसं बघत होती, बाईंना पर्वा नव्हती. बघणाऱ्यांकडे त्या अशा बघायच्या, की बघणारा आपल्या कामाला लागायचा.

सोजर गादीवर टेकली आणि डावा हात पुढे केला. ती जाड दोन-दहाची बांगडी अजून हातात होती. मी हात धरायला आपला हात पुढे करतोय, तेवढ्यात तिने बोटं खाली केली आणि बांगडी आपोआप सरकली. अंगठ्यावरून, बोटांवरून, गादीवर पडली. फुटली नाही.

मी तो हात हातात घेतला. बोटं दाबली, सांधे चाचपले, मूठ मिटायला लावली, गार पाण्यात बुडवून पाहिला. घाई केली नाही. चंद्रभागाबाई छत्री न मिटता दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या.

“किती?” त्यांनी विचारलं.

“दोन-चार.”

“पुन्हा सांगा.”

“दोन-चार, बाई.”

मग त्यांनी छत्री मिटली, गादीवर बसल्या आणि स्वतःचा डावा हात पुढे केला. भाद्रपदापासून त्या हातात एक बांगडी कमीच होती. मी गादीवरची बांगडी उचलली, माझ्या धोतराच्या सोग्याने पुसली, आणि जिची तिला भरली.